यंत्राच्या पोटातली धूळ

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आज मी धुळीविषयी बोलणार आहे. तुरीची डाळ करताना पिवळसर, पिठासारखी भुकटी उडते, ती धूळ. या सभागृहात डाळ मिलचे मालक आहेत, त्यांच्याकडे काम करणारे फिटर आणि ऑपरेटर आहेत, अमरावतीकडून आलेले जिनिंगवाले आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. ही धूळ पेटते हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तिचा स्फोट होतो, आणि तो पत्र्याची अख्खी इमारत उचलून टाकण्याइतका मोठा असू शकतो, हे मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. स्फोट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नागपूर-भंडाऱ्याकडचे बारुदीचे कारखाने येतात. तिथे काम करणाऱ्याला आपण कशाशी खेळतोय हे पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं. डाळीच्या मिलमध्ये नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

आधी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काय बदललं ते पाहू. जुनी डाळ मिल म्हणजे मोठं टिनाचं शेड आणि त्यापुढे वाळवणाचं फरशीचं अंगण. तूर चाळायची, एमरीच्या रोलवर घासायची, तेलाचा हात द्यायचा, ढीग लावून मुरवायची, पाणी मारायचं, अंगणात पसरून वाळवायची आणि मग भरडायची. डाळ वेगळी, चुणी वेगळी, टरफल वेगळं. प्रत्येक टप्प्यावर पोतं डोक्यावर, पाठीवर. शेडमध्ये एवढी धूळ, की संध्याकाळी माणसाच्या भुवया पिवळ्या व्हायच्या. खोकला हा त्या कामाचा भागच मानला जायचा. पण शेड चारही बाजूंनी उघडं असायचं आणि धूळ डोळ्यांना दिसायची.

आता तीच मिल पाहा. तूर खड्ड्यात ओतली की बकेट एलिवेटर ती वर नेतो. चाळण्या, डिस्टोनर, रोल, ड्रायर, पुन्हा रोल, ग्रेडर, सॉर्टेक्स, पॉलिश, आणि शेवटी वजन करून पोतं शिवणारं यंत्र. एका यंत्रातून दुसऱ्यात माल पाइपमधून, स्क्रूमधून, एलिवेटरमधून जातो. धूळ ब्लोअर ओढून घेतो आणि सायक्लोनमध्ये, बॅग फिल्टरमध्ये टाकतो. पॅनेलसमोर एक माणूस बसतो. वाळवणाच्या अंगणाची जागा ड्रायरने घेतली. हा बदल चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पोत्याखाली मोडणाऱ्या पाठी वाचल्या, फुप्फुसं वाचली, पावसाळ्यातही मिल चालू लागली. यंत्रं काढून पुन्हा घमेली आणा, असं सांगायला मी इथे उभा नाही.

मला सांगायचंय ते एवढंच: धूळ गेलेली नाही. ती शेडमधून यंत्राच्या पोटात गेली. जी मोकळ्या हवेत विरायची ती आता पत्र्याच्या बंद डब्यात, दाट होऊन, कोरडी होऊन, फिरत्या लोखंडाच्या शेजारी राहते. आणि स्फोटाला नेमकं एवढंच लागतं.

पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात हे शाळेत शिकलो: जळणारा पदार्थ, हवा आणि ठिणगी. धुळीच्या स्फोटाला आणखी दोन लागतात. धूळ हवेत तरंगायला हवी आणि ती जागा बंदिस्त हवी. बाभळीचं लाकूड चुलीत तासभर जळतं. त्याच लाकडाचा भुसा मुठीने जाळावर उधळला तर क्षणात भडका होतो. लाकूड तेच, वजन तेच, पण प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळाली. हाच भडका बंद पेटीत झाला की दाब वाढतो. धान्य, पीठ, साखर, स्टार्च यांच्या धुळीचा स्फोट बंद भांड्यात ७ ते ९ बारपर्यंत दाब निर्माण करतो. एक बार म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे १० टन भार. एलिवेटरचा पत्रा, सायक्लोनचा पत्रा, विटांची भिंत, यांतलं काहीही एवढा दाब सोसण्यासाठी बांधलेलं नसतं.

स्फोट व्हायला हवेत किती धूळ लागते? अन्नधान्याच्या बऱ्याच धुळींसाठी हा आकडा घनमीटरला साधारण ३० ते १२५ ग्रॅमच्या दरम्यान असतो. आकडा लहान वाटतो, पण या ढगाची कल्पना करा. घनमीटरला ४० ग्रॅम धूळ असेल तर दोन मीटरवरचा २५ वॅटचा पेटता दिवा दिसत नाही. एवढ्या दाट धुळीत माणूस उभाच राहू शकणार नाही. म्हणून माणसं वावरतात त्या जागेत असा ढग रोज नसतो. एलिवेटरच्या आत, सायक्लोनमध्ये, बॅग फिल्टरमध्ये तो रोज असतो. बॅग फिल्टरमध्ये दर काही सेकंदांनी हवेचा झटका बसून पिशव्या झटकल्या जातात आणि सगळ्यात बारीक धूळ पुन्हा हवेत उठते. म्हणजे यंत्र नीट चालतंय याचाच अर्थ आत ढग आहे.

आणि बाहेर? बाहेर थर असतो: तुळईवर, केबलच्या ट्रेवर, पत्र्याच्या कैचीवर, पंख्याच्या पात्यावर. धुळीची घनता घनमीटरला ५०० किलो धरली, तर एक मिलिमीटरचा थर म्हणजे दर चौरस मीटरवर अर्धा किलो. पाच मीटर उंचीच्या शेडमध्ये तो सगळा उडाला तर हवेत घनमीटरला १०० ग्रॅम धूळ होते, म्हणजे स्फोटाला पुरेल एवढी. पहिला स्फोट यंत्रात होतो आणि तो लहान असू शकतो. त्याच्या धक्क्याने शेडमधला वर्षानुवर्षांचा थर झडतो आणि मागून येणारी ज्वाला त्याला भेटते. हा दुसरा स्फोट. जगभरात धुळीच्या मोठ्या अपघातांत जास्त माणसं मारली ती या दुसऱ्या स्फोटाने.

ही माहिती जुनी आहे. इटलीतल्या ट्युरिन शहरात १४ डिसेंबर १७८५ रोजी एका बेकरीच्या पिठाच्या कोठीत स्फोट झाला. एक पोरगा खालच्या खोलीत पीठ ओढत होता, जवळ दिवा लटकत होता, वरचं पीठ एकदम कोसळलं. काउंट मोरोत्सो नावाच्या गृहस्थाने त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. त्यात एक निरीक्षण आहे ते वऱ्हाडच्या माणसाने लक्षात ठेवावं असं आहे: त्या प्रदेशात पाच-सहा महिने पाऊस नव्हता आणि पीठ नेहमीपेक्षा फार कोरडं होतं. ओलावा धुळीला जड ठेवतो, कण एकमेकांना धरून ठेवतो आणि स्थिर विजेचा भार जमिनीत उतरायला वाट देतो. आपल्याकडे तुरीचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि मिला भर वेगात चालतात त्या नेमक्या मार्च ते मे. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर असतो, दुपारी हवेत ओलावा नावालाही नसतो, आणि त्यावर ड्रायर. धुळीला याहून अनुकूल हवामान कुठलं?

आता एका यंत्रापाशी थोडं थांबतो, कारण धान्याच्या कारखान्यांत पहिला स्फोट ज्या जागी सगळ्यात जास्त वेळा झाला ती जागा म्हणजे बकेट एलिवेटर. पत्र्याची उंच, अरुंद, उभी पेटी. आत रबराचा पट्टा, पट्ट्यावर बादल्या. वरच्या टोकाला मोटर आणि पुली, खाली खड्ड्यात दुसरी पुली, तिथे तूर पडते. खालचा खड्डा तुंबला की पट्टा अडतो. मोटर मात्र थांबत नाही. वरची पुली अडलेल्या पट्ट्याखाली फिरत राहते, घासत राहते. काही मिनिटांत रबर तापतं, धुरतं, पेटतं. जळता पट्टा तुटला की शेकडो बादल्यांसह तीस-चाळीस फूट खाली कोसळतो, आणि त्या पेटीतली सगळी धूळ त्या जळत्या रबराभोवती उठते. दुसरा प्रकार असा: पट्टा एका बाजूला सरकतो आणि बादल्या पत्र्याला घासतात. तिसरा: बेअरिंग कोरडं पडतं आणि त्याच्यावर साचलेला धुळीचा थर आतल्या आत निखारा धरतो. धुळीचा थर ढगापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला धुमसू लागतो, आणि धुमसणारा गोळा सुटून ब्लोअरच्या ओढीने फिल्टरमध्ये गेला की तिथे ढग तयारच असतो.

जुन्या मिलमध्ये एलिवेटरपाशी एक माणूस उभा असायचा. मोटरचा आवाज बदलला की त्याच्या कानाला कळायचं. रबराचा वास आला की तो धावत जाऊन स्टार्टर पाडायचा. आज तो माणूस काचेच्या खोलीत पॅनेलसमोर आहे. त्याला वास येत नाही, आवाज येत नाही. त्याच्या नाकाचं काम आता खालच्या पुलीवरच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे आहे, त्याच्या डोळ्यांचं काम पट्टा सरकल्याचं सांगणाऱ्या स्विचकडे आणि त्याच्या तळहाताचं काम बेअरिंगच्या तापमानाच्या सेन्सरकडे. हे तिन्ही सेन्सर मिळून त्या एलिवेटरच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहेत. पण मी पाहिलेल्या एका मिलमध्ये पुलीवरचा सेन्सर नुसता लोंबत होता आणि पॅनेलमध्ये त्याच्या दोन टोकांमध्ये तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवला होता. ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, "तो घडीघडी मिल बंद पाडते भाऊ. सेठजी बोलतात मंग. म्हून तार टाकली." सेन्सर घडीघडी मिल का बंद पाडत होता? कारण पट्टा घडीघडी घसरत होता. खड्ड्यात माल प्रमाणाबाहेर ओतला जात होता. सेन्सर रोज खरं सांगत होता.

त्या ऑपरेटरला दोष देऊन भागणार नाही. उत्पादन थांबलं की बोलणी खायची त्याने, आणि सेन्सर काढल्याबद्दल कोणी विचारायचं नाही, अशी व्यवस्था असेल तर तार पडणारच. कुठलंही सुरक्षेचं साधन बंद करायचं असेल तर ते कोणाच्या सहीने, किती वेळासाठी आणि तोवर पर्यायी पहारा कोणाचा, हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. सेन्सरची सक्ती अमेरिकेतही अपघातांनंतरच आली. तिथे २२ डिसेंबर १९७७ रोजी लुइझियाना राज्यातल्या वेस्टवेगो गावी धान्याच्या कोठारांचा स्फोट होऊन ३६ माणसं गेली. त्याच आठवड्यात टेक्ससमध्ये गॅल्व्हेस्टनलाही तसाच स्फोट झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८७ च्या अखेरीस, तिथे धान्य हाताळणीचा स्वतंत्र सुरक्षा नियम आला. त्यात एलिवेटरच्या पट्ट्याचा वेग नेहमीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त घटू लागला तर यंत्र आपोआप बंद पडलं पाहिजे असं स्पष्ट लिहिलं आहे. धुळीचा थर कुठे आणि किती साचला की ताबडतोब झाडायचा, तेही लिहिलं आहे. नियमानंतर तिथले धान्याचे स्फोट आणि मृत्यू बरेच कमी झाले. उपाय माहीत आहे, सिद्ध झालेला आहे आणि आपल्या फिटरला बसवता येण्याजोगा आहे.

यंत्र बंदिस्त करणं आणि यंत्र सुरक्षित करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे ज्या प्रसंगातून मला सगळ्यात ठळकपणे उमगलं तो साखरेचा आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथे इम्पीरियल शुगर कंपनीचा जुना साखर शुद्धीकरण कारखाना. तिथे तीन मोठ्या सायलोंच्या खाली, बोगद्यात, साखर वाहून नेणारा पट्टा होता. तो उघडा होता. साखरेत काही पडू नये म्हणून २००७ मध्ये त्याच्याभोवती स्टेनलेस स्टीलचं आवरण बसवलं. हेतू चांगला, अन्नशुद्धतेचा. पण आवरणातून धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही आणि दाब बाहेर पडायला झडपा ठेवल्या नाहीत. सायलोच्या तोंडाशी साखरेचे गोळे अडकले की माल सांडायचा आणि धूळ आत कोंडायची. ७ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी तिथे पहिला स्फोट झाला. तापलेलं बेअरिंग हे त्याचं संभाव्य कारण असं चौकशीत निघालं. त्या धक्क्याने पॅकिंगच्या इमारतींमधली, मजल्या-मजल्यांवर साचलेली साखरेची भुकटी उठली आणि स्फोट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावत गेला. १४ कामगार मेले. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला की हा अपघात टाळता येण्यासारखा होता.

आता आपल्याकडे या. अन्न सुरक्षेचा परवाना हवा, मोठ्या कंपनीला माल द्यायचा, निर्यात करायची, तर मिल बंदिस्त, स्वच्छ दिसली पाहिजे. सरकारची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान देत आली आहे. अनेक लहान उद्योजक त्या आधाराने नवी यंत्रं घेतायत, आणि घ्यावीतच. पण पोर्ट वेंटवर्थच्या त्या आवरणासारखी आवरणं आपण इथे गावोगाव चढवत असू, तर त्यांच्यासोबत धूळ ओढणारी यंत्रणा आणि दाब सोडणाऱ्या झडपा आल्या का, हा प्रश्न कर्ज मंजूर करणाऱ्या बँकेने आणि प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्या सल्लागारानेही विचारायला हवा.

ज्यांना अमेरिका लांब वाटते त्यांच्यासाठी तेलंगणा जवळ आहे. ३० जून २०२५ रोजी संगारेड्डी जिल्ह्यात पाशमैलारमच्या औद्योगिक वसाहतीत सिगाची इंडस्ट्रीज या कारखान्यात स्फोट झाला आणि ४० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. तिथे औषधाच्या गोळ्यांमध्ये भर म्हणून वापरायची सेल्युलोजची पावडर तयार होते. विषारी रसायन नव्हे, बारूद नव्हे. सेल्युलोज. आपला कापूस म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच. त्या सकाळी कामावर गेलेल्यांपैकी कितीजणांना माहीत असेल की आपण हाताळतो ती पांढरी, बेचव, निरुपद्रवी भुकटी हवेत उडाली की स्फोटक होते?

कायद्याकडे वळतो. आपल्याकडे या बाबतीत कायदा नाही असं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३७ हे स्फोटक आणि ज्वालाग्राही धूळ, वायू यांच्याबद्दलच होतं. त्याची भाषा आजही वाचण्यासारखी आहे. यंत्र परिणामकारकपणे बंदिस्त करा. धूळ साचू देऊ नका, काढून टाका. ठिणगीची सगळी संभाव्य ठिकाणं दूर ठेवा किंवा बंदिस्त करा. आणि यंत्र स्फोटाचा दाब सोसण्याइतकं मजबूत नसेल तर स्फोट पसरू नये यासाठी अडथळे, झडपा बसवा. म्हणजे या देशाने स्वातंत्र्यानंतर दुसऱ्याच वर्षी हे लिहून ठेवलं होतं. आपण पहिला तुकडा, बंदिस्त करण्याचा, मनापासून अमलात आणला आणि बाकीचे तीन मागे राहिले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याची संहिता जुन्या कारखाने कायद्याच्या जागी आली. विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी १९४८ च्या कायद्यात १० कामगारांची अट होती, संहितेत ती २० आहे. माझा आक्षेप इथे आहे आणि तो मी स्पष्ट मांडतो. आपण माणसं मोजतो आणि धूळ मोजत नाही. ज्या मिलमध्ये चाळीस माणसं घमेली वाहत होती ती कायद्याने कारखाना होती. तिथे आता पाच एलिवेटर, दोन सायक्लोन, एक बॅग फिल्टर आणि ड्रायर आला, माणसं बारा उरली; धोका वाढला आणि तीच मिल कायद्याच्या व्याख्येतून निसटू शकते. यंत्र जितकं स्वयंचलित तितकी माणसं कमी, आणि माणसं कमी तितकी तपासणी कमी. शासनाने अशा उद्योगांसाठी निकष बदलला पाहिजे. किती अश्वशक्तीची यंत्रणा, किती उंचीचे एलिवेटर, धूळ गोळा करणाऱ्या यंत्राचं आकारमान किती, यावर तपासणी ठरावी.

पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, तिचं मुख्यालय नागपुरात आहे. आपल्याच विदर्भात. पण तिचा कारभार पेट्रोलियम, स्फोटके, वायूची सिलिंडरं, दाबाच्या टाक्या यांचा. तुरीची भुकटी तिच्या परवान्यात येत नाही. डाळ मिलवर नजर ठेवायची ती राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने, आणि ती नजर कारखान्याच्या व्याख्येतून जाते हे मी आत्ताच सांगितलं.

याच्या शेजारी एक दुसरं चित्र ठेवा. अकोला जिल्ह्यातच, बाळापूर तालुक्यात, पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे; २५० मेगावॅटचे दोन संच. अमरावतीजवळ नांदगाव पेठला १३५० मेगावॅटचं केंद्र आहे. अशा केंद्रांत कोळसा दळून एवढा बारीक करतात की त्यातला ७० टक्क्यांच्या आसपास भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून निघून जातो, आणि ती पूड हवेसोबत बॉयलरमध्ये फुंकली जाते. म्हणजे आपल्याच दोन जिल्ह्यांत स्फोटक भुकटी टनावारी हाताळण्याचं काम रात्रंदिवस चालू आहे. ते चालू शकतं कारण कोळशाची पूड स्फोटक आहे हे तिथे गृहीत धरलेलं असतं. गिरणीच्या तोंडाशी तापमान सतत मोजलं जातं, ते वाढलं तर काय करायचं हे लिहिलेलं असतं आणि दुरुस्तीपूर्वी परवाना घ्यावा लागतो. धुळीचं भौतिकशास्त्र पारसमध्ये एक आणि अकोल्याच्या एमआयडीसीत दुसरं असं नसतं.

आता मिलमालकांशी थोडं कामाचं बोलतो. नवं यंत्र घेताना तुम्ही कोटेशनमध्ये काय पाहता? तासाला किती क्विंटल, किती अश्वशक्ती, वॉरंटी किती. त्यात काही ओळी आणखी घाला आणि ऑर्डरच्या कागदावर त्या लिहूनच द्या, तोंडी नको. एलिवेटरला वेगाचा, पट्टा सरकल्याचा आणि बेअरिंगच्या तापमानाचा सेन्सर हवा आणि तो मोटर बंद करणारा हवा, नुसता दिवा लावणारा नको. बेअरिंग पेटीच्या बाहेर हवं. पट्टा स्थिर वीज साठवणार नाही अशा जातीचा हवा. सुरुवातीलाच चुंबक हवा, कारण शेतातून येणाऱ्या तुरीत खिळा, तार, नट येतोच. माल पुढे अडला तर मागची यंत्रं आधी थांबतील असा क्रम पॅनेलमध्ये हवा. बॅग फिल्टर शक्यतो शेडच्या बाहेर हवा.

दाब सोडणाऱ्या झडपेबद्दल मात्र घाई करू नका. ही झडप म्हणजे मुद्दाम कमकुवत ठेवलेला भाग: आत दाब वाढू लागला की ती आधी फुटते आणि ज्वाला बाहेर जाते. म्हणून ती कुठे तोंड करून आहे याला फार महत्त्व आहे. तिच्या तोंडापुढे हमालांची बसायची जागा, ट्रकचा रस्ता किंवा बारदान्याचं गोदाम असेल तर एक धोका टाळून आपण दुसरा उभा केला. तिचं क्षेत्रफळ अंदाजाने काढता येत नाही; धूळ किती जोराने फुटते ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं आणि त्यावरून हिशेब मांडावा लागतो. तसंच फिल्टर आणि एलिवेटर यांना जोडणाऱ्या पाइपमध्ये ज्वाला मागे फिरू न देणारी अडवणूक हवी. नाहीतर एका यंत्रातला स्फोट पाइपातून दुसऱ्यात जातो, आणि दुसऱ्यात तो अधिक जोराचा होतो.

एक गैरसमज बाजारात फार पक्का आहे. 'फ्लेमप्रूफ मोटर बसवली, काम झालं.' फ्लेमप्रूफ ही कल्पना मुळात वायूसाठी आहे: वायू आत शिरला, पेटला, तरी ज्वाला बाहेर येऊ नये. धुळीसाठी विचार निराळा असतो. धूळ आत शिरता कामा नये आणि मोटरचा बाहेरचा पृष्ठभाग एवढा तापता कामा नये, की त्यावरचा थर धुमसेल. भारतीय मानकांतही धुळीच्या जागांचं वर्गीकरण वायूपेक्षा वेगळं आहे: ढग कायम असतो ती जागा विभाग २०, अधूनमधून असतो ती २१, क्वचित आणि थोडाच वेळ असतो ती २२. तुमच्या विक्रेत्याला विचारा, ही मोटर कुठल्या विभागासाठी प्रमाणित आहे आणि तिच्यावर तापमानाची कोणती खूण आहे. उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जा.

आणि काही गोष्टींना पैसे लागत नाहीत. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवून साफसफाई करू नका, त्याने थराचा ढग होतो. झाडा, पुसा, व्हॅक्यूमने ओढा. तुळईवर बोट फिरवून खालचा रंग दिसत नसेल तर त्याच दिवशी सफाई करा. हॉपर किंवा एलिवेटरला वेल्डिंग करण्याआधी यंत्र थांबवा, आतून रिकामं आणि स्वच्छ करा, जोडलेले पाइप सोडवा, आणि काम झाल्यावरही तास-दीड तास माणूस तिथे ठेवा. धातूचा प्रत्येक भाग एकमेकाला आणि जमिनीला तारेने जोडलेला आहे का, हे वर्षातून एकदा मीटर लावून मोजा. पाइपच्या दोन तुकड्यांमध्ये रबराचा किंवा कापडाचा जोड असेल तर तिथे ही साखळी तुटते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही.

एक काम मात्र कोणा एका मिलमालकाला परवडणार नाही आणि त्याच्यावर टाकूही नये. आपल्या तुरीची, आपल्या हरभऱ्याची, सोयाबीनच्या टरफलाची धूळ किती संहतीला पेटते, किती तापमानाला धुमसते, किती जोराने फुटते, हे मोजण्याचं काम. साखर, मका, गहू यांचे आकडे जगभर छापलेले आहेत. डाळ मात्र सगळ्यात जास्त पिकते आणि खपते ती भारतात. मोजणीची पद्धत ठरलेली आहे: वीस लिटरचं पोलादी गोल भांडं, त्यात ठरावीक धूळ फवारायची आणि पेटवून दाब टिपायचा. १९६९ पासून अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. त्याच विद्यापीठाने लहान शेतकऱ्यासाठी मिनी डाळ मिल तयार करून गावोगाव पोचवली. त्या कामाचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच मागणी करतो. विद्यापीठाने, अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी मिळून ही चाचणी इथे उभी करावी. तुरीच्या धुळीचे आकडे जगाला अकोल्याने द्यावेत. पिशवीभर धूळ घेऊन मिलवाला येईल, आठवड्याभरात त्याला एक कागद मिळेल आणि त्या कागदावरून त्याची झडप, त्याची मोटर, त्याचा सेन्सर ठरेल.

इथे बसलेल्या फिटर आणि ऑपरेटर बंधूंना एक सांगतो. मिल बंद करण्याचं बटण तुमच्या हातात आहे. रबराचा वास आला, बेअरिंगला हात लावता येईना, एलिवेटरमधून खरखर ऐकू आली, तर सेठजींना फोन नंतर करा. आणि सेठजी, त्याने खोट्या शंकेने मिल बंद केली तरी त्याला रागावू नका. तो एकदा जरी बोलणी खाऊन गप्प बसला, तर पुढच्या वेळी तुमच्या मिलमध्ये सेन्सर नाही आणि माणूसही नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून बहुतेक मिला दुरुस्तीसाठी काही दिवस थांबतात. यंदा त्या दिवसांत एक करा. प्रत्येक एलिवेटरचा खालचा खड्डा उघडा, पॅनेलमधली प्रत्येक जोडतार तपासा आणि सेन्सरच्या जागी अडकवलेली तार सापडली तर ती काढून सेन्सर पुन्हा लावा. पुढची तूर त्यानंतरच खड्ड्यात ओता.